कॉर्टिसॉल वाढले म्हणून रुग्ण दगावला, की रुग्ण गंभीर होता म्हणून कॉर्टिसॉल वाढले?

२०२० च्या जून महिन्यात, अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने, ब्रिटनमधून दोन बातम्या आल्या आणि त्या एकमेकींना खोडून काढत आहेत असे वाचणाऱ्याला वाटावे अशीच त्यांची मांडणी होती. १६ जूनला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले की डेक्सामेथासोन नावाचे जुने आणि स्वस्त स्टेरॉइड प्राणवायूवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या कोरोना रुग्णांचे प्राण वाचवते. १८ जूनला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील प्राध्यापक वलजीत धिल्लों यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल झालेल्या ज्या कोरोना रुग्णांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक जास्त आढळते, त्यांच्या मृत्यूचा धोका जास्त असतो, असे त्यात म्हटले होते.

आता अडचण अशी की डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलचेच प्रयोगशाळेत घडवलेले भावंड आहे. शरीराने बनवलेले कॉर्टिसॉल ज्यांच्या रक्तात जास्त, ते दगावण्याचा धोका जास्त. आणि तशीच वस्तू बाहेरून टोचली तर जीव वाचतो. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? या प्रश्नाचे नीट उत्तर न मिळाल्यामुळे दुसऱ्या बातमीचे मोबाइलवर फिरता फिरता ‘ताणामुळे कोरोनाचे रुग्ण मरतात’ असे सोपे, आणि माझ्या मते फार दुखावणारे, रूपांतर झाले. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. त्या एकत्र कशा बसतात हे समजून घ्यायचे तर सुरुवात पाठीमागच्या दोन लहानशा ग्रंथींपासून करावी लागते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर

प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या टोकावर टोपीसारखी बसलेली, साधारण चार-पाच ग्रॅम वजनाची एक ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ती ‘अॅड्रिनल’ असते. ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत निरोप नेणाऱ्या रसायनाला संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात. या ग्रंथीच्या गाभ्यात अॅड्रिनलिन तयार होते. अंगावर कुत्रे धावून आले की छातीत जी धडधड होते ती त्याची, आणि तिचा जोर काही मिनिटांत ओसरतो. ग्रंथीच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल तयार होते. त्याची चाल संथ असते, कारण ते पेशीच्या आत शिरून कोणती प्रथिने बनवायची आणि कोणती नाही याचे आदेश बदलते. त्याचा परिणाम दिसायला तास लागतात आणि तो टिकतोही तासन्‌तास.

ही ग्रंथी किती अत्यावश्यक आहे हे १८५५ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील टॉमस अॅडिसन यांनी दाखवून दिले. त्यांनी वर्णन केलेले रुग्ण दिवसेंदिवस थकत जात, त्यांचे वजन घटे, कातडी काळवंडे आणि शेवटी ते दगावत. शवविच्छेदनात त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी, पुष्कळदा क्षयरोगाने, नासलेल्या आढळत. ज्या कॉर्टिसॉलची आज ‘वाईट हार्मोन’ म्हणून बदनामी चालते, ते बनवणारी ग्रंथी नासली तर माणूस जगत नाही, हे त्यामुळे आपल्याला पावणेदोन शतकांपासून माहीत आहे.

कॉर्टिसॉल किती बनवायचे हे अधिवृक्क ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस त्याखालच्या पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, पीयूषिका एसीटीएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते आणि त्याच्या हुकमाने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तेच मेंदूला ‘आता थांबा’ असे कळवते. निरोगी माणसात ही पातळी पहाटेपासून चढते, सकाळी उठण्याच्या सुमारास सर्वांत वर असते आणि मध्यरात्री तळाला जाते.

कॉर्टिसॉल नेमके करते काय, हे समजायला घरातल्या आजारपणाचे उदाहरण पुरेसे आहे. घरातले माणूस अचानक रुग्णालयात दाखल करावे लागले की आपण बँकेतली मुदत ठेव मोडतो, प्रसंगी दागिने गहाण ठेवतो, घराची रंगरंगोटी पुढे ढकलतो आणि आधी हातात रोख रक्कम येईल असे पाहतो. गंभीर संसर्ग झाला की कॉर्टिसॉल शरीराकडून हेच करून घेते. यकृताला साखर तयार करून रक्तात सोडायला लावते, त्यासाठी स्नायूंतली प्रथिनेही मोडायला लावते, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा राखून रक्तदाब कोसळू देत नाही, आणि वाढ, दुरुस्ती, प्रजनन अशी तातडीची नसलेली कामे बाजूला ठेवते. याखेरीज त्याचे आणखी एक काम आहे आणि कोरोनाच्या बाबतीत तेच सर्वांत महत्त्वाचे ठरले: विषाणूवर तुटून पडलेल्या रोगप्रतिकार यंत्रणेला आवर घालणे, म्हणजे तिच्या माऱ्यात स्वतःचीच फुप्फुसे होरपळून निघू नयेत.

‘ताण’ या शब्दाने घातलेला घोळ

कॉर्टिसॉलला ताणाचे संप्रेरक म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कर्जाचे हप्ते, परीक्षेचा निकाल किंवा साहेबांचे बोलणे येते. शरीरशास्त्रातला ‘ताण’ याहून बराच मोठा आहे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने कॅनडात माँट्रिअल येथे काम करताना १९३६ मध्ये नोंदवले की उंदरांना कडाक्याच्या थंडीत ठेवा, जखम करा, अतिश्रम घडवा किंवा विषारी द्रव्य टोचा, कारण काहीही असो, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात आणि शरीराची प्रतिक्रिया बरीचशी सारखीच असते. या सर्वसाधारण प्रतिक्रियेला पुढे ‘स्ट्रेस’ हे नाव मिळाले, आणि आपण त्याचे भाषांतर ‘ताण’ असे केले. ते भाषांतर चुकीचे नाही, पण रोजच्या बोलण्यात त्याला मनाचा अर्थ इतका घट्ट चिकटला आहे की शरीराचा अर्थ झाकला जातो.

फुप्फुसांत सूज येऊन रक्तातला प्राणवायू घटणे, ताप, रक्तदाबातील घसरण हे सारे शरीराच्या दृष्टीने ताणच आहेत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या, म्हणजे कसलीही चिंता करू न शकणाऱ्या, माणसाचेही कॉर्टिसॉल मोठ्या शस्त्रक्रियेत झपाट्याने वाढते; लंडनच्या अभ्यासकांनीच सांगितल्याप्रमाणे मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते १,००० नॅनोमोल प्रति लिटरच्या (हे रक्तातले प्रमाण मोजण्याचे एकक) वर जाऊ शकते. तेथे मनाचा काही संबंध नसतो.

लंडनमध्ये काय मोजले गेले

हा अभ्यास लंडनच्या चेरिंग क्रॉस, हॅमरस्मिथ आणि सेंट मेरीज या तीन मोठ्या रुग्णालयांत ९ मार्च ते २२ एप्रिल २०२० या काळात झाला. कोरोनाची शंका असलेल्या ५३५ रुग्णांपैकी ४०३ जणांना तो झालेला होता आणि १३२ जणांना नव्हता. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत त्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉल मोजले गेले. आधीपासून स्टेरॉइड घेणाऱ्यांना वगळले होते, आणि डेक्सामेथासोन अजून सर्रास सुरू झाले नव्हते; त्यामुळे मोजले गेले ते शरीराने स्वतः बनवलेले कॉर्टिसॉल होते. नंतरच्या काळात असा अभ्यास करणे जवळजवळ अशक्य झाले, कारण डेक्सामेथासोन सुरू झाले की पीयूषिका ग्रंथी गप्प होते आणि शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल खाली जाते.

कोरोना झालेल्यांत कॉर्टिसॉलचा मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधोमधच्या रुग्णाचा आकडा, ६१९ नॅनोमोल प्रति लिटर होता. कोरोना नसलेल्यांत तो ५१९ होता. म्हणजे रुग्णालयात पोहोचण्याइतके आजारी असलेल्या दोन्ही गटांत कॉर्टिसॉल चढलेले होते, कोरोनाच्या रुग्णांत जरा अधिक. काही रुग्णांत ते ३,२४१ पर्यंत गेले होते. या काळात कोरोनाच्या ४०३ पैकी ११२ रुग्ण मरण पावले आणि दुसऱ्या गटातील १३२ पैकी ९. वय, आधीचे आजार आणि रक्ताच्या इतर तपासण्या हिशेबात धरूनही, कॉर्टिसॉल दुप्पट असेल तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी जास्त दिसला.

वर्तमानपत्रांनी सर्वांत जास्त उचलून धरलेला आकडा वेगळाच होता. ७४४ च्या वर कॉर्टिसॉल असलेले रुग्ण मध्यक धरला तर १५ दिवस जगले आणि ७४४ किंवा त्याखाली असलेले ३६ दिवस, असा तो आकडा. तो वाचून अनेकांचा असा समज झाला की दाखल झालेला प्रत्येक माणूस फार तर महिनाभराचा सोबती आहे. तसे नव्हते. चारांतले जवळजवळ तीन रुग्ण वाचले होते. हे दिवस म्हणजे बरे होऊन घरी गेलेल्यांना गणितातून कसे वजा धरायचे याच्या ठरावीक संख्याशास्त्रीय रीतीने काढलेला अंदाज होता. दोन गटांची तुलना करायला तो उपयोगी आहे, एखाद्या रुग्णाचे भविष्य सांगायला नाही.

संशोधकांना स्वतःला हा निकाल पाहून थोडे नवल वाटले असावे, कारण भीती उलटी होती. २००३ च्या सार्स साथीतून वाचलेल्या ६१ जणांचा सिंगापूरमध्ये पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांतील २४ जणांत कॉर्टिसॉल कमी पडत असल्याचे आढळले होते. कोरोनाचा हा नवा विषाणूही त्याच कुळातला असल्याने तो अधिवृक्क ग्रंथींना निकामी करील अशी शंका होती. लंडनच्या रुग्णांत निदान दाखल होण्याच्या वेळी तरी ग्रंथी उत्तम काम करताना दिसल्या. सगळीकडे मात्र असेच चित्र दिसले नाही. सौदी अरेबियातील रियाध येथे २८ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात कॉर्टिसॉल अपेक्षेपेक्षा कमी निघाले. ‘कोरोनात कॉर्टिसॉल नेहमी वाढतेच’ असे विधान त्यामुळे करता येत नाही.

ठेव मोडल्यामुळे कुणी आजारी पडत नाही

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. समजा, एखाद्या शहरातल्या शंभर कुटुंबांनी आजारपणासाठी बँकेतून किती पैसे काढले याची यादी कुणी केली. ज्या कुटुंबांनी सर्वांत जास्त पैसे काढले, त्यांच्या घरातला रुग्ण दगावण्याचे प्रमाण त्या यादीत नक्की जास्त दिसेल. काढलेल्या रकमेवरून आजाराच्या गांभीर्याचा अंदाज बांधता येईल आणि तो बऱ्याचदा बरोबरही येईल. पण पैसे काढल्यामुळे रुग्ण दगावला असे कुणी म्हणणार नाही, आणि त्याला वाचवण्यासाठी बँक बंद ठेवा असा सल्ला तर मुळीच देणार नाही.

कॉर्टिसॉलचा आकडा बहुतांशी या रकमेसारखा आहे. तो आजाराचे गांभीर्य सांगतो. लंडनचा अभ्यास हा निरीक्षणाचा होता, त्यात कुणाचे कॉर्टिसॉल मुद्दाम वाढवले किंवा घटवले नव्हते. अशा अभ्यासातून दोन गोष्टी सोबत जातात एवढेच कळते.

मग उलटा प्रयोग कधी झाला आहे का, असा प्रश्न चौकस वाचक विचारील. दुर्दैवाने नकळत झाला आहे. १९८० च्या आसपास अतिदक्षता विभागात गंभीर जखमींना शांत ठेवण्यासाठी एटोमिडेट नावाचे भुलीचे औषध सलग शिरेतून दिले जाई. १९८३ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी नोंदवले की ते सुरू केल्यापासून अशा रुग्णांतील मृत्यू वाढले आहेत. पुढे उलगडले की हे औषध अधिवृक्क ग्रंथीतली कॉर्टिसॉल बनवण्याची क्रिया अडवते. ज्या घटकेला ठेव मोडण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच घटकेला बँकेला टाळे लागले होते. ‘कॉर्टिसॉल कमी करा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांच्या आणि गोळ्यांच्या जाहिराती पाहताना मला हे जखमी रुग्ण आठवतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला यांपैकी काहीही डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

धरणाची पातळी आणि विसर्ग

कॉर्टिसॉलचा आकडा चढला म्हणजे ग्रंथी जिवाच्या आकांताने काम करत आहे, असे आपण गृहीत धरतो. डॉक्टरही दीर्घकाळ असेच धरून चालत होते. पण पावसाळ्यात कोयनेच्या किंवा जायकवाडीच्या बातम्या ऐकणाऱ्याला ठाऊक असते की धरणाची पातळी दोन गोष्टींवर ठरते: आत येणारे पाणी आणि दरवाजांतून होणारा विसर्ग. आवक थोडीशीच वाढली आणि विसर्ग बंद झाला, तरीही धरण काठोकाठ भरते.

बेल्जियममधील लोव्हेन विद्यापीठाच्या ग्रीट व्हॅन डेन बर्ग यांच्या गटाने २०१३ मध्ये अतिदक्षता विभागातील १५८ रुग्णांत हाच हिशेब तपासला. त्यांना आढळले की या रुग्णांत कॉर्टिसॉलचे उत्पादन वाढले होते, पण समजले जात होते तितके नाही. शरीरभर दाह, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेच्या माऱ्याने येणारी सूज, असलेल्यांतही ते निरोगी माणसांच्या दुपटीपेक्षा कमीच होते. खरा बदल विसर्गात होता. यकृत आणि मूत्रपिंडे एरवी कॉर्टिसॉल मोडून त्याची विल्हेवाट लावतात, ती क्रिया गंभीर आजारात निम्म्याहून अधिक मंदावली होती. त्यामुळे रक्तात कॉर्टिसॉल भरपूर असताना त्याला हुकूम देणारे एसीटीएच मात्र कमी होते. हा अभ्यास कोरोनापूर्वीचा आहे, पण अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे कॉर्टिसॉल वाचताना तो विसरून चालत नाही: चढलेल्या आकड्यात ग्रंथीच्या श्रमाइतकाच यकृताच्या आणि मूत्रपिंडांच्या मंदावलेल्या कामाचाही वाटा असू शकतो.

मग स्टेरॉइड देऊन जीव कसे वाचले?

ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी चालवलेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने २,१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन दिले गेले आणि ४,३२१ रुग्णांवर नेहमीचेच उपचार झाले. मात्रा दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. २८ दिवसांनंतर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले होते, आणि नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र काही लाभ झाला नाही. त्यांच्यात स्टेरॉइड घेतलेल्यांचे मृत्यू १७.८ टक्के आणि न घेतलेल्यांचे १४ टक्के होते. हा फरक हानी सिद्ध करण्याइतका ठाम नव्हता, पण सावध करण्याइतका नक्कीच होता.

शरीरात आधीच एवढे कॉर्टिसॉल असताना वरून आणखी कशाला, या आक्षेपाला तीन उत्तरे आहेत. पहिले मात्रेचे. निरोगी शरीर दिवसाकाठी साधारण १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवते. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनचा दाह शमवण्याचा जोर सुमारे १५० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलइतका भरतो, आणि तो दीड दिवसाहून अधिक टिकतो. आजारी शरीर स्वतःहून इतकी मजल मारत नाही. दुसरे उत्तर असे की तीव्र दाह असलेल्या ऊतींमध्ये कॉर्टिसॉलचा निरोप ऐकणाऱ्या पेशी अर्धवट बहिऱ्या झालेल्या असतात, आणि रोजच्या आवाजात दिलेली हाक त्यांच्या कानी पोहोचत नाही.

तिसरे उत्तर वेळेचे आहे आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोरोनाच्या पहिल्या आठवड्यात लढाई विषाणूशी असते. तेव्हा रोगप्रतिकार यंत्रणेचे हात बांधणे म्हणजे विषाणूला मोकळे रान देणे. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास काही रुग्णांत विषाणू ओसरू लागतो, पण दाह वाढतच जातो आणि फुप्फुसांचे नुकसान तोच करू लागतो. स्टेरॉइडचा उपयोग येथे होतो. मघाच्या उदाहरणात सांगायचे तर ते बाहेरून काढलेले कर्ज आहे: घरची पुंजी संपत आल्यावर वेळेवर मिळाले तर घर तरते, आणि गरज नसताना काढले तर व्याज तेवढे मानगुटीवर बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २ सप्टेंबर २०२० रोजी गंभीर आणि अतिगंभीर रुग्णांना स्टेरॉइड द्यावे आणि गंभीर नसलेल्यांना देऊ नये, अशी शिफारस केली ती याच पुराव्यावर.

जास्त दिले तर जास्त गुण येईल का?

ही शंकाही चाचण्यांनी तपासली. ‘रिकव्हरी’च्याच पुढच्या टप्प्यात, प्राणवायूवर नसलेल्या किंवा फक्त साध्या प्राणवायूवर असलेल्या रुग्णांना मोठी मात्रा, म्हणजे पाच दिवस २० मिलिग्रॅम आणि नंतर पाच दिवस १० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, देऊन पाहिली. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण १९ टक्के निघाले, नेहमीच्या उपचारांच्या गटात १२ टक्के. तेच औषध, तोच आजार. केवळ मात्रा आणि रुग्णाची अवस्था बदलल्याने निकाल उलटला.

महाराष्ट्राने त्या व्याजाचा चटका २०२१ च्या उन्हाळ्यात सोसला आहे. दुसऱ्या लाटेत खाटा मिळत नव्हत्या, एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोअर पाहून घरचे लोक हवालदिल होत होते, आणि अनेक ठिकाणी स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून, जास्त मात्रेत, जास्त दिवस घेतल्या गेल्या. स्टेरॉइड रक्तातली साखर वाढवते आणि प्रतिकारशक्ती दाबते. आधीच मधुमेह असलेल्या माणसात या दोन गोष्टी एकत्र आल्या की म्युकरमायकोसिसच्या बुरशीला वाट मिळते. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्याजोगा म्हणून जाहीर करण्यास सांगितले, तोवर कित्येकांनी डोळा किंवा जबड्याचा भाग गमावला होता. या बुरशीमागे इतरही कारणे होती आणि सगळा दोष स्टेरॉइडच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पण साखर न मोजता घेतलेल्या स्टेरॉइडचा त्यात मोठा हात होता, याविषयी तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही.

‘माझ्या अहवालात २२ आले, हे कमी की जास्त?’

लंडनचा ६१९ हा आकडा वाचून आपल्याकडचा अहवाल हाती घेतला तर माणूस गोंधळतो, कारण येथे २२ किंवा १५ असे काहीतरी छापलेले असते. फरक एककाचा आहे. ब्रिटनमध्ये कॉर्टिसॉल नॅनोमोल प्रति लिटरमध्ये सांगतात आणि आपल्या प्रयोगशाळा बहुधा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. आपल्या आकड्याला २७.६ ने गुणले की लंडनचा आकडा मिळतो. त्या हिशेबाने ६१९ म्हणजे साधारण २२, आणि ७४४ म्हणजे २७.

यातून एक गोष्ट ध्यानात यावी. सकाळी आठला रक्त दिलेल्या धडधाकट माणसाचे कॉर्टिसॉलही २२ च्या जवळपास असू शकते. तेच मध्यरात्री आले तर चौकशी करावी लागते. गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत आकडा वर दिसतो, कारण कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन त्यांच्या रक्तात वाढलेले असते. हे प्रथिन एसटीसारखे आहे: रक्तातले बहुतेक कॉर्टिसॉल त्यात बसलेले असते आणि काम करतात ते फक्त खाली उतरलेले प्रवासी, पण नेहमीची तपासणी दोघांना मिळून मोजते. गंभीर संसर्गात हे वाहक प्रथिनच घटते, त्यामुळे एकूण आकडा मध्यम दिसत असताना कामावर असलेले कॉर्टिसॉल प्रत्यक्षात बरेच असू शकते. प्रेडनिसोलोनसारखी काही स्टेरॉइडे तपासणीत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजली जातात, तर डेक्सामेथासोन मोजले जात नाही आणि खरे कॉर्टिसॉल मात्र दाबून टाकते. म्हणून घरी बसून, चालता-फिरता, केवळ उत्सुकतेपोटी ही तपासणी करून घेण्यात काही हशील नाही.

‘धसका घेतला म्हणून गेला’

त्या दोन वर्षांत ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकले आहे, आणि काही जण ते आजही मनात घेऊन फिरतात. त्याने हाय खाल्ली, तिने धसका घेतला, शेजारच्या खाटेवरचा मृत्यू पाहिला आणि धीर सोडला. ताणाच्या संप्रेरकाच्या बातमीने या समजुतीला विज्ञानाचा शिक्का मिळाला असे वाटले असेल, तर तो मिळालेला नाही. लंडनच्या अभ्यासात कुणी किती घाबरले होते हे मोजलेलेच नव्हते. भीतीनेही कॉर्टिसॉल वाढते हे खरे आहे. पण ज्या रुग्णाच्या फुप्फुसांचा मोठा भाग निकामी झालेला असतो, त्याच्या रक्तातले कॉर्टिसॉल त्या फुप्फुसांमुळे वाढलेले असते, आणि तो कितीही धीराचा असता तरी ते तितकेच वाढले असते. धीर देणे, फोनवर घरच्यांचा आवाज ऐकवणे, रात्री झोप लागू देणे हे रुग्णासाठी केलेच पाहिजे, कारण तो एकटा आणि भेदरलेला असतो. पण कुणी धैर्य कमी पडल्यामुळे मेले, असे म्हणण्याला या आकड्यांत काहीही आधार नाही.

ज्यांच्याकडे मोडायला ठेवच नसते

वाढलेल्या कॉर्टिसॉलच्या चर्चेत ज्यांच्या शरीरात ते बनतच नाही अशा लोकांकडे दुर्लक्ष होते, आणि संसर्गाच्या काळात खरा धोका त्यांना असतो. अॅडिसन यांनी वर्णिलेला आजार असलेले रुग्ण, पीयूषिका ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, आणि संख्येने सर्वांत जास्त म्हणजे दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे लोक यांत येतात. बाहेरून आयते मिळत राहिले की मेंदू हुकूम देणे थांबवतो आणि अधिवृक्क ग्रंथी आळसावते. अशा माणसाला ताप आला तर त्याची ग्रंथी वाढीव कॉर्टिसॉल पुरवू शकत नाही. म्हणून त्याला आजारपणात स्टेरॉइडची मात्रा सहसा दुप्पट करायला सांगतात आणि उलट्या होत असतील तर इंजेक्शन द्यावे लागते. ही मात्रा प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली बरी, आणि आपण स्टेरॉइडवर आहोत हे सांगणारी चिठ्ठी पाकिटात बाळगावी, कारण रुग्णालयात नेण्याची वेळ येते तेव्हा रुग्णाला पुष्कळदा बोलता येत नाही.

कोरोनाच्या वेळी तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलेल्यांनाही हेच लागू आहे. औषध एकदम बंद केल्यावर आठवडाभरात अंगात त्राण नसणे, भूक मरणे, मळमळ, उठून उभे राहताच डोळ्यांसमोर अंधारी येणे अशी लक्षणे दिसली, तर तो ‘कोरोनानंतरचा अशक्तपणा’ म्हणून सोडून न देता सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासून घ्यावे. या परिस्थितीत ती तपासणी खरोखर उपयोगी पडते, आणि येथे चिंता जास्त आलेल्या आकड्याची नसून कमी आलेल्या आकड्याची करायची असते.